पारंपरिक पद्धतीने बुरूज, तट आणि दरवाजा बांधायचा आहे : दगड, चुना आणि पाण्याचा हिशेब

येळ्ळूरची_वाट
बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, खासगी जागेत, सिमेंट आणि सळई अजिबात न वापरता एक छोटा कोट उभा करायचा आराखडा तयार आहे. फ्रान्सात बर्गंडीमध्ये गेदलों इथं १९९७ पासून तेराव्या शतकातल्या धर्तीचा किल्ला त्याच काळच्या हत्यारांनी बांधतात. दगड तिथल्या जुन्या खाणीतला, काटकोन काढायला १२ समान भागांची गाठी मारलेली दोरी, ओझं उचलायला माणसं आत चालून फिरवतात ते लाकडी चाक. कल्पना तिथली घेतली, खरं बांधणी आपल्या मुलखातली पाहिजे.

मापं अशी:
तट: लांबी ४० फूट, फांजीपर्यंत (तटावरच्या चालायच्या वाटेपर्यंत) उंची १५ फूट, जाडी तळाला ६ आणि माथ्याला ४ फूट.
बुरूज: गोल, बाहेरचा व्यास तळाला २४ आणि माथ्याला २० फूट, उंची १८ फूट, भिंत ५ फूट जाड, पोटात भर.
दरवाजा: तटात, ९ फूट रुंद, टोकदार कमान.

काळा दगड घ्यावा की जांभा? चुना किती लागेल? एका हंगामात होईल का? ज्यांना हे काम माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

ब्रासचा_हिशेब
आधी आकडे मांडू, म्हणजे पुढं बोलायला सोपं.

तटाची सरासरी जाडी ५ फूट, म्हणून ४० × १५ × ५ = ३००० घनफूट, ३० ब्रास. बुरुजाचा सरासरी बाहेरचा व्यास २२ आणि आतला १२ धरला तर दर फूट उंचीला २६७ घनफूट येतं. १८ फुटांना ४८०० घनफूट, म्हणजे ४८ ब्रास. एकूण दगडकाम ७८ ब्रास. चर्या (तटाच्या माथ्यावरचा दगडी आडोसा) आणि पाया यात धरलेला नाही. दरवाजाची पोकळी वजा केलेली नाही, ती नासधुशीत जाऊ दे. बुरुजाच्या पोटात १४ फुटांपर्यंत भरायचं तर १६ ब्रास मुरूम, धुम्मस (भर ठोकायचं जड हत्यार) मारून बसलेल्या मापाने.

अशा कामात दर ब्रासला सरासरी ३३ घनफूट चुना-वाळूचा माल जातो. ७८ ब्रासला सुमारे २५७० घनफूट. १ भाग चुना, सव्वा भाग वाळू, पाऊण भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) धरली तर चुन्याचा लगदा १२०० घनफूट, वाळू १५ ब्रास, सुरखी ९ ब्रास. शुद्ध कळीचा (भाजलेला, अजून न विझवलेला) चुना असेल तर १ टनाचा साधारण २ घनमीटर लगदा होतो, म्हणजे १७ टन कळी. भट्टीत चुनखडीचं वजन १०० वरून ५६ वर येतं, कच्चे राहिलेले खडे वेगळे. म्हणून भट्टीला ३४-३५ टन चुनखडी लागेल असं धरून चला.

घाणीतला_चुना
आकडे बरोबर आहेत, खरं ते कुठल्या चुन्याचे हे आधी ठरवा. आपल्या भागात दोन जातीचा चुना मिळतो आणि दोन्हींची वागणूक उलटी आहे.

पहिला बागलकोट-लोकापूरकडच्या चुनखडी दगडाचा. त्यातली शुद्ध जात घेतली तर लगदा पांढरा, लोण्यासारखा होतो. तो पाण्याखाली झाकून ठेवला तर खराब होत नाही, उलट सुधारतो. किमान १ महिना ठेवा, ३ महिने ठेवला तर उत्तम. मात्र तो घट्ट होतो हवेतल्या कार्बन डाय ऑक्साइडने. ६ फूट जाड तटाच्या मध्यापर्यंत ती हवा पोचायला वर्षानुवर्षं लागतात. नुसता असा चुना घालून जाड भिंत उभी केली तर दर्शनी भाग कडक आणि पोट ओलं राहतं. म्हणून त्यात सुरखी लागतेच. सुरखी हवेशिवाय, ओलाव्यात चुना धरते.

दुसरा काळ्या रानात, ओढ्याच्या काठाला सापडणाऱ्या खड्यांचा, ज्याला आपल्याकडं चुनकंकर म्हणतात. यात मुळातच चिकणमाती असते, त्यामुळं हा चुना पाण्यातसुद्धा घट्ट होतो. तटाच्या पोटाला हाच उत्तम. पण हा लगदा करून महिनाभर ठेवायचा नाही! पहिल्या जातीचा नियम याला लावला तर खड्ड्यातच दगड होतो. विझवायचा, चाळायचा, चार-पाच दिवसांत वापरून संपवायचा. कळी कमी निघते, त्यामुळं वजन सव्वा ते दीडपट धरा.

कंकर ओळखायची रीत: खडे कुटून १०० ग्रॅम पूड घ्या, त्यावर पातळ मीठतेजाब (हायड्रोक्लोरिक ॲसिड) थोडं थोडं ओता. फसफस थांबली की उरलेला गाळ धुऊन, वाळवून तोला. १० ते २५ ग्रॅम उरला तर कामाचा. ३५ च्या वर गेला तर ती माती आहे, भट्टीत घालू नका. दुसरी परीक्षा जास्त खरी: भाजून विझवलेल्या चुन्याचा गोळा पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा. आठवडाभरात बोटाने दाबून रुतला नाही तर पोटाच्या भरीला निर्धास्त घ्या.

भट्टीत ९०० अंशांच्या आसपास आच लागते. कंकराला त्याहून फार चढवली की मातीमुळं खडे काचेसारखे होतात. असे खडे लवकर विझत नाहीत. बांधकामात गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी विझतात, फुगतात, आणि गिलाव्याला फोड येतात. म्हणून बारीक चाळणी हवी. चाळणीवर राहिलेलं पायाच्या भरीतसुद्धा टाकू नका.

हंडा_घागर
विझवताना पाण्यात चुना टाकायचा की चुन्यावर पाणी?

घाणीतला_चुना
पाण्यात चुना, थोडा थोडा. ढिगावर पाणी मारलं की एकदम उकळून अंगावर उडतं. डोळ्यात गेलं तर नजर जाते. चष्मा, गुडघ्यापर्यंत बूट, आणि जवळ स्वच्छ पाण्याची भरलेली घागर, एवढं नसेल तर त्या दिवशी विझवणं सुरू करू नका.

घाणीचं, म्हणजे बैलानं चाक फिरवून चुना मळायच्या जागेचं माप: गोल चर १ फूट रुंद, सव्वा फूट खोल, तळ आणि बाजू दगडी. चाकाची जाडी चरापेक्षा २ इंच कमी, म्हणजे माल कडेला चेंगरून वर येतो आणि परत खाली पडतो. एका घाण्याला ५०-५५ घनफूट माल, बैलाचे १५० ते २०० फेरे. थापीवर घेऊन उलटी धरली तर माल चिकटून राहिला पाहिजे. तुमच्या कामाला असे ४५ ते ५० घाणे होतील.

सुरखीला खानापूर भागातल्या कौलांचे, विटांचे तुकडे चालतात, खरं कमी भाजलेले निवडा. जळून काळी-निळी झालेली खंगर वीट कितीही बारीक दळली तरी चुन्याला धरत नाही, ती नुसती वाळूच. पिठासारखी बारीक हवी, मिठासारखी जाड नको.

संकेश्वर_गुऱ्हाळ
गूळ किती घालायचा? काही जण पोत्यानं घालायला सांगतात.

घाणीतला_चुना
१०० किलो चुन्याला २ ते ३ किलो गूळ, आणि आठवडाभर भिजवलेल्या अर्धा-एक किलो हिरड्याचं पाणी. त्याच्यावर नको. गुळानं माल मऊ चालतो, पाणी कमी लागतं, भेगा कमी पडतात. पण गूळ चुन्याचं घट्ट होणं लांबवतो. जास्त झाला की माल महिनाभर नखानं उकरता येतो आणि मुंग्या लागतात. गूळ काळा घ्या, पिवळा दिसायला पावडर मारलेला नको. आणि हे पाणी कोब्याला (माथ्यावरच्या कुटलेल्या चुन्याच्या थराला), गिलाव्याला, चर्यांच्या माथ्याला वापरा. तटाच्या पोटातल्या मालाला गुळाची गरज नाही.

काळापाषाण_कडोली
दगडाबद्दल. बेळगावच्या उत्तर-पश्चिमेला काळा दगड, बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात वर जांभा, आणि गोकाक-सौंदत्तीकडं गेलं की गुलाबी, रेताड, फार कठीण दगड. जवळचा दगड हाच खरा दगड, कारण अर्धा खर्च वाहतुकीचा.

काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या आसपास, जांभा ५० ते ६०. दीड फूट लांब, १ फूट रुंद, पाऊण फूट उंच काळा चिरा ९० किलो भरतो. दोघांना झेपत नाही, चौघांची कावड लागते. म्हणून दर्शनी चिरा याहून मोठा घडवू नका. कोपऱ्याचे आणि दाराच्या बाह्यांचे (दोन्ही उभ्या बाजूंचे) दगड तेवढे मोठे.

फोडायला रेघ आखून ३ ते ४ इंचांवर खाचा पाडायच्या, अडीच-तीन इंच खोल. सगळ्या खाचांत लोखंडी पाचरी बसवून एकेका पाचरीवर हलके घाव, ओळीनं, परत परत. आवाज टणटणीतून बद्द झाला की थांबायचं, दगडाला वेळ द्यायचा. तो स्वतः फुटतो. एकाच पाचरीवर जोर काढला तर फूट रेघ सोडून पळते.

जांभ्याची_खाण
पश्चिम भागात काम असेल तर जांभा का नको? कापायला सोपा, चुना छान धरतो.

काळापाषाण_कडोली
आतल्या अंगाला जरूर घ्या. बाहेरच्या अंगाला पहिले ४ फूट आणि माथ्याचे शेवटचे २ थर काळ्या दगडाचे ठेवा, मधे जांभा चालेल. जांभा खाणीतून काढल्यावर एक पावसाळा उघड्यावर ठेवा. हवा लागून कठीण होतो, आणि ज्या चिऱ्यात मातीच्या गाठी आहेत त्या धुऊन भोकं पडतात, तो आपोआप बाजूला निघतो. ताजा जांभा तटात घातला की तीच भोकं तटात दिसतात.

गोकाककडचा दगड घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. त्या दगडाच्या धुळीत गार (सिलिका) भरपूर असते. वर्षानुवर्षं ती फुप्फुसात गेली की भरून न येणारा आजार होतो. घडताना पाणी मारत राहायचं, चांगला मास्क द्यायचा, आणि पाथरवट वाऱ्याकडं पाठ करून बसवायचे. जुनी पद्धत जपायची तर तिच्यातला हा धोका जपायचा नाही. गेदलोंलासुद्धा आजचे सुरक्षेचे नियम पाळावेच लागतात.

पोटाची_भर
आता मूळ मुद्दा. वर सगळे दर्शनी दगडाबद्दल बोलतायत. तट पडतो तो पोटानं. पडलेल्या कुठल्याही बुरुजाजवळ जाऊन बघा, चिरे शाबूत असतात, मधली भर वाहून गेलेली असते.

६ फुटी तट म्हणजे दोन कातड्या आणि मधे भर. दोन्ही कातड्या आधी ३-४ फूट वर नेऊन मधे दगड-माती ओतली की काम भराभर होतं आणि १५-२० पावसाळ्यांत तटाला पोट येतं. भर प्रत्येक थराबरोबरच, हातानं दगड रचून, मालात बसवून, फटींत कपच्या ठोकून करायची. माती नाही. नुसता मालही नाही, कारण चुन्याचा जाड लगदा आकसतो आणि मधे पोकळी राहते.

६ फूट लांब एकच दगड कोणी घालत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी त्या थराच्या निम्म्या जाडीपेक्षा थोडे जास्त लांब दगड आत शेपूट करून घालायचे, एकमेकांच्या बाजूनं जातील असे. दर चौथ्या थराला, ४-५ फुटांवर एक, वरच्या ओळीत जागा बदलून. गोल बुरुजाला हे दगड पाचरीच्या आकाराचे घडवा, बाहेर रुंद आणि आत निमुळते. चौकोनी चिरा गोल बुरुजाला लावला तर सांधा बाहेरून उघडतो, तो मालानं भरतात, आणि पहिला पाऊस तोच माल धुतो.

बुरुजाच्या पोटाला काळी माती कधीच नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दरवर्षी भिंतीला आतून धक्का देते. मुरूम घ्या, ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी शिंपडून धुम्मस. भिंतीला लागून आतल्या अंगानं १ फूट जाडीचा कपच्यांचा पट्टा उभा न्या. तळाशी आणि मधे ५-६ फुटांवर ३-४ इंची भोकं बाहेर उताराची. पट्ट्यातून उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. भोकाच्या तोंडाशी आतून मोठ्या कपच्या हव्यात, बारीक मुरूम टेकला तर दोन वर्षांत भोक बुजतं.

वरून पाणी आत जाऊच नये म्हणून माथ्यावर ४ इंची चुन्याचा कोबा. लाकडी थापीनं ओला असताना ५ ते ७ दिवस रोज कुटायचा, गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडत, थापीला ठणक येईपर्यंत. ४० फुटांना १ फूट उतार. पाणी दगडी पन्हाळीतून बाहेर, आणि पन्हाळ तटाच्या अंगापासून किमान सव्वा फूट पुढं. आखूड पन्हाळ तटावरच पाणी ओघळवते आणि खालचे सांधे खाते. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस आणि गोकाकचा पाऊस एक नाही. पश्चिमेला काम असेल तर पन्हाळी दुप्पट ठेवा.

प्लॉट_नं_सात
दर्शनी भाग चुन्याचा ठेवून पोटात सिमेंट काँक्रीट भरलं तर? वेळ वाचेल, बाहेरून कोणाला दिसणारही नाही.

पोटाची_भर
नको. काँक्रीट ताठ, चुन्याचं दगडकाम थोडं हलतं-बसतं. दोघांच्या मधे सांधा सुटतो आणि कातडी वेगळी होते. दुसरं, सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दर्शनी दगडात येऊन वाळते, क्षार तिथंच साठतात, दगडाचे पापुद्रे निघतात. जांभ्यात तर हे फार लवकर दिसतं. जुन्या तटांच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटनं भरल्या तिथं दरज पुढं आणि दगड मागं गेलेला दिसतो, कारण हेच.

पायाआधी_कळस_नको
पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत. वर काळी माती असेल तर ती पूर्ण काढा, मग ४ फूट जावं लागो की ८. तटाला दोन्ही बाजूंना १-१ फूट जादा रुंदी, पायऱ्या-पायऱ्यांनी वर आत घेत. पायाखाली चौरस मीटरला १२ ते १४ टन भार येईल. घट्ट मुरमाला तो पेलवतो, खरं खड्डा खणून अभियंत्याकडून खात्री करून घ्या. भूकंपाच्या २०१६ च्या भारतीय मानकात बेळगाव झोन ३ मध्ये आहे, त्यामुळं बिनसळईच्या एवढ्या उंच कामाला स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला लागणारच. बुरूज आणि तट एकाच पातळीच्या पायावर, एकत्र, दाते ठेवून वर न्या. बुरूज आधी उरकून तट नंतर चिकटवला तर सांध्यात उभी भेग ठरलेली.

जमीन शेतीची असेल तर बिनशेती करून घ्या. आणि बेळगाव किल्ल्यातल्या कमलबस्तीसारखं केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दगड स्वतःच्या रानातला असला तरी खाण खात्याची परवानगी आधी.

मालवणचा_पाहुणा
सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं. इथंही ओतायचं का?

पायाआधी_कळस_नको
तिथं १६६४ पासून समुद्रात काम चाललं होतं, लाटा चुना घट्ट व्हायच्या आधीच धुऊन नेतात, म्हणून शिशाचा उपाय. कोरड्या पायाला त्याची गरज नाही. आणि वितळलेल्या शिशाच्या वाफा विषारी असतात.

कालबूत
कमानीचं लिहितो. ९ फुटांचे ४ समान भाग करा. डाव्या बाहीवरून निघणाऱ्या कंसाचा मध्य उजवीकडच्या पाव खुणेवर, म्हणजे ६ फूट ९ इंचांवर. उजव्याचा तसाच डावीकडं. उंची ६ फूट ४ इंच येते. कमान साडेपाच फुटांवरून उचलली तर टोक १२ फुटांच्या थोडं आत, त्यावर दीड फुटी कमानदगड. वर दीड फूट भर राहते, फांजीला तेवढी पुरते.

कालबूत (कमान बांधताना तिला खालून धरणारा तात्पुरता साचा) फळ्यांचं करा किंवा सुके दगड रचून वर मातीचा आकार द्या, दोन्ही जुन्या रीती. लाकडी असेल तर खाली जोडपाचरी हव्यातच. दगड दोन्ही बाजूंनी सारखे चढवा. एक बाजू ३ दगडांनी पुढं गेली की कालबूत दुसरीकडं झुकतं आणि कमान वाकडी बसते. टोकाचा दगड बसल्यावर ४-५ दिवसांनी पाचरी फक्त अर्धा इंच सैल करा. माल अजून मऊ असतो, दगड एकमेकांवर दाबून बसतात. मग तसंच ४ आठवडे राहू द्या, आणि वरची व बाजूची भर झाल्यावरच काढा. एकदम काढलं तर टोकाला खालून भेग येते.

कमान बाजूला रेटते, म्हणून दोन्हीकडं किमान ६ फूट सलग तट हवा, दरवाजा तटाच्या मधोमध घ्या. आराखड्यात तो बुरुजाला खेटलेला असेल तर हलवा.

परांची_कप्पी
बांबूच्या परांचीसाठी तटात भोकं सोडायची, साडेचार फूट उंचीला एक ओळ. आडवा बांबू एका बाजूनं तटात, दुसऱ्या बाजूनं उभ्या बांबूवर. ही भोकं शेवटी वरून खाली उतरताना बुजवतात, म्हणजे परांची सोडवायची आणि भोक भरायचं एकाच फेरीत होतं. माल चुन्याचाच आणि कपच्यांसकट. ८ फुटांपर्यंत मातीचा उतार सोयीचा, ६ फुटांना १ फूट चढ. त्याच्यावर तिपाई आणि कप्पी. गेदलोंसारखं चालतं चाक करायचं तर सुताराचं काम वेगळं आणि मोठं, एका बुरुजाला ते परवडत नाही.

मिरगाआधी
हंगामाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. घडीव दर्शनी काम आणि भर मिळून एक गवंडी दिवसाला सरासरी २५ घनफूट करेल. ७८ ब्रासला ३१२ दिवस, ४ गवंडी घेतले तर ७८. कागदावर एक हंगाम पुरतो. चुना पुरू देत नाही. आठवड्याला २ फुटांवर उंची चढवायची नाही, आणि प्रत्येक थर १० ते १४ दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. एप्रिलच्या उन्हात माल घट्ट व्हायच्या आधी वाळतो, मग हातानं भुगा होतो.

पहिल्या पावसाळ्यात शेडमध्ये दगड घडवा, शुद्ध जातीचा चुना विझवून खड्ड्यात टाका, कंकराचा नाही. दिवाळीनंतर पाया. पहिल्या हंगामात ९ फुटांपर्यंत, दरवाजापाशी मात्र कमान पुरी होईल तेवढं वर, आणि ती कालबुतासकट वैशाखाच्या आत उरकलेली. मे अखेर माथ्याला उताराचा चुना-थर देऊन गवताची छपरी, मृगाच्या आत. उघडा माथा एक पावसाळा राहिला तर पोटात गेलेलं पाणी पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. दुसऱ्या हंगामात उरलेला तट, कोबा, चर्या, गिलावा.

येळ्ळूरची_वाट
दोन हंगाम धरतो, दरवाजा मधे घेतो. दारं सागवानी दोन फळ्यांची, वर-खाली चूळ (दाराचा खुंटा) दगडी खोबणीत फिरणारी. बाह्या चढवताना अजून काय विसरू नये?

कालबूत
अडसराची भोकं. नंतर ६ फुटी तटात ती पाडता येत नाहीत. जमिनीपासून साडेतीन फुटांवर, दारामागं, एका बाहीत अकरा फूट लांब पोकळी, म्हणजे दार उघडं असताना पूर्ण अडसर तिच्यात सरकून जाईल. समोरच्या बाहीत १ फूट खोल. दोन्ही चौकोनी, ९ इंची, सहज ७ इंची लाकूड फिरेल अशी. लांब पोकळीला तळ आणि छत सलग फरशांचं, आणि बाहेरच्या तोंडाकडं १ इंच उतार, नाहीतर आत पाणी साठून अडसर कुजतो. वरच्या चुळीची खोबण कोरलेला दगड कमान उचलायच्या थराखाली बसवा, आणि खालची खोबण उंबऱ्यापेक्षा अर्धा इंच उंच ठेवून तिला बाहेर एक बारीक पाट कोरा.